कोणती चिंचोली

पुतणीचा फोन आला पुण्याहून, रात्री साडेनऊला:
“काका, आपण ज्यू आहोत का?”
मी पूर्णा जंक्शनमागच्या गल्लीत,
तोडलेला घास हातात तसाच.
म्हणाली, तिकडं अश्दोदला
एक दानियल चिंचोलकर आहे,
घरात मराठी बोलतो,
शुभकार्याला गोड पोह्यांत ओलं खोबरं कालवतो.
त्याची चिंचोली कोकणातली म्हणे, समुद्राजवळची.
“पण आडनाव तेच ना, काका?”

आडनाव तेच.
आडनावाला जात विचारली तर ते गाव सांगतं,
गावाला विचारली तर झाड.

ट्रंकेतून आजोबांचं सर्व्हिस बुक काढलं.
निजामाच्या रेल्वेत ते सांधेवाले,
एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर घालणारे.
सगळं उर्दूत.
नईमोद्दीन मुन्शींनी कागद
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याशी नेला
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, “शामजी असंल. सामजी बी असंल.
फरक तीन नुक्त्यांचा,
अन् तेवढी जागा वाळवीनं खाल्ली.”

पुतणी म्हणते, सामजी म्हणजे शमुवेल.
मी म्हणतो, शामजी म्हणजे शामजी.

मला आजोबांचं एवढंच आठवतं:
शनिवारी ते ड्यूटी बदलून घेत,
बाजेवर बसून राहत, कामाला हात लावत नसत.
आम्ही समजायचो मारुतीचा वार.
पण मारुतीला तेल काही त्यांनी कधी वाहिलं नाही.
आता तेलाचे पैसेही वाचवत असतील.
चिक्कूच होते.

आणि एक गोष्ट इतक्या वर्षांत
माझ्या ध्यानातच आली नव्हती.
चिंचोलीत राहणाऱ्याला कुणी चिंचोलकर म्हणत नाही.
वेस ओलांडावी लागते,
परक्या हजेरीपटावर नाव चढावं लागतं,
तेव्हा कुठं मागून ‘कर’ लागतो,
धोतराला कुसळ लागावं तसा.
म्हणजे कुणीतरी निघालं होतं, इतकंच.
का निघालं, कुठल्या दिशेला हात जोडून निघालं,
ते त्यात लिहिलेलं नाही.

पुतणीला हो किंवा नाही पाहिजे.
एक नळी पाठवते म्हणाली,
तिच्यात थुंकायचं आणि परत पाठवायची.
बघू म्हटलं.
साठ वर्षं या गावात थुंकू नका लिहिलेल्या भिंती वाचल्या,
आता थुंकीच वाचणार म्हणे कुणीतरी.

रविवारी एसटीत चढलो.
“एक चिंचोली द्या.”
कंडक्टरनं मानही वर केली नाही:
“कोणती? नदीकडली, माळावरली,
का फाट्यावरून आत जायची ती?
तीन हायत या रूटवर.”
मागचे लोक ढकलत होते.
एक बाई कोंबडी सांभाळत म्हणाली, बोला की हो लवकर.

हातात सुट्टे पैसे होते, मोजले नाहीत.
म्हणालो,
सगळ्यात लांबची द्या.