दाराची बाहेरची बाजू

कार्थेजच्या खाली दोन दिवसांच्या वाटेवरच्या आमच्या गावात
त्याला वाळीत टाकणं म्हणत नाहीत.
वाळीत टाकलेल्याचं पाणी तुटतं, विस्तव तुटतो,
त्याच्या अंगणाकडे पाठ करून बायका चालतात.
नामफामोचं तसं झालं नाही.
त्याच्याच भट्टीतले दिवे आम्ही अजून लावतो.
त्याची पोर तापाने फणफणली तेव्हा
म्हातारा इयादेर स्वतः तेल घेऊन गेला.

फक्त रविवारी पहाटे, वाचन संपलं की
मी आरोळी देतो : बाहेरच्यांनी बाहेर व्हावं.
तो उठतो, गोणपाट सावरत,
गुडघ्यांवरची राख न झटकता.
चटईवरची त्याची जागा तशीच राहते.
तिथे कुणी सरकायचं नाही, इयादेरने बजावलंय.
मांडीला मांडी लावून बसतो आम्ही
आणि मधोमध एका माणसाएवढं रिकामं.

नव्या पोराने विचारलं, ही कसली शिक्षा?
इयादेर म्हणाला,
ऑलिव्हवरून पडलास तेव्हा खांदा निखळला होता ना?
महिनाभर हात झोळीत होता.
त्या हाताने जेवला नाहीस.
म्हणून काय तो तोडला होता?

मी कडी लावतो.
माशांच्या हौदांवरून खारट वारा येतो.
फटीतून त्याचा श्वास ऐकू येतो मला,
आणि त्याला, बहुधा, भाकरी मोडल्याचा आवाज.

चिमूटभर धूप, सम्राटाच्या नावाने,
भर चौकात. एवढंच केलं त्याने.
आणि दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं.

माझ्या घरी हरभऱ्याच्या रांजणात, तळाशी,
पपायरसची एक घडी आहे.
तीत लिहिलंय की बारिक, मत्तनचा मुलगा,
याने देवतांना नैवेद्य दाखवला, प्रसाद खाल्ला.
मी यातलं काहीच केलं नाही.
कारकुनाला दोन बुधले तेल दिलं.
धुपाला बोट लावलं नाही, मग पाप कसलं,
हे तीन वर्षं मी रांजणाला सांगतोय.

वल्हांडणाच्या आधी इयादेरने
नामफामोच्या डोक्यावर हात ठेवला.
तो आत आला, आपल्या जागी बसला,
चाकावरून नुकतं उतरवलेलं ओलं मडकं धरावं
तशी दोन्ही हातांत भाकरी धरली.
सगळे रडले.
मीही, सवयीने.

आता बाहेर जायला कुणी नाही.
तरी आरोळी द्यायची, रीत आहे.
आज दिली.
कुणी उठेना,
तेव्हा कळलं, माझे पाय उठलेत.
घडी अंगरख्यात होती.
घरून निघताना कधी घेतली, आठवत नाही.

दार मागे लोटलं.
या बाजूने मी ते कधी पाहिलंच नव्हतं.
भुवईच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालंय,
कुणाचं तरी कपाळ टेकून टेकून.

बराच वेळ थांबलो.
आतून कडी वाजली नाही.
ती लावायचं काम माझं.