बाई, रु. २५

सव्वीस वर्षं मी लोकांच्या घरचे मीटर वाचले.
दार वाजवायचं, बॅटरी मारायची, आकडा लिहायचा,
कुणी पाणी विचारलंच तर प्यायचं.
त्यामुळे सोलापुरातली दारं मला ठाऊक आहेत,
माणसं तेवढी नाहीत.

निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात
दुपारभर डोक्यात एकच फिरायचं:

चिमणी छाप पुडी आणा,
ढेकणाला म्हणा, जा… की पाव्हणा!

मी नववीत होतो. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून
साखर पेठेतून कन्ना चौकाकडे जायची ती जाहिरात.
बाज उन्हात उभी करता करता बाया हसायच्या.
इतका गोड गळा, आणि लावला कुणाच्या कामाला, तर ढेकणाच्या.
पण खरी गंमत त्या 'जा'नंतरच्या खाचेत होती.
एक श्वासभर काहीच नाही,
मग 'की पाव्हणा', जणू दारातून मागं वळून.
मास्तर वर्गाबाहेर पडले की आम्ही म्हणायचो.
पुढं माझ्या लग्नात मेव्हण्याला तशाच सुरात निरोप दिला,
तो अजून बोलत नाही.

तर म्हटलं, शोधू. वेळ आहे, पाय आहेत.

पुडीवाले म्हमाणे वारले. मुलगा टॉवेल परदेशी पाठवतो,
म्हणाला, ढेकणाचा विषय आमच्या घरात काढत नाहीत.
पेटीवाला सापडला. त्याला
त्या दिवशी चहात साखर कमी होती एवढंच आठवत होतं.
कुणी म्हणे पुण्याची होती, रेडिओवरची.
कुणी म्हणे, गेली.
भवानी पेठेतल्या दोघी म्हणाल्या, मीच ती.
दोघींनी म्हणून दाखवलं,
दोघींनी खाच जरा जास्तच छान घेतली.

शेवटी बागवानांच्या साउंड सर्व्हिसमध्ये
पोटमाळ्यावर वही निघाली, कड वाळवीनं खाल्लेली:
कॅसेट ३२. पेटी ३०. चहा ६.
बाई २५.
नाव नाही. पण पुढं पेन्सिलनं, बारीक,
'विडी कारखाना, अशोक चौक. मुकादमाला विचारणे.'

मुकादम कधीच गेलेला. त्याच्या सुनेनं हात केला
हैदराबाद रोडकडं.

विडी घरकुल, तिसरी ओळ, निळं दार.
सवयीनं मी आधी मीटर बघितला.
बालामणी कुरापाटी शेंगा सोलत बसली होती.
'ढेकणाची गाणं? हां, मीच की ओ.'
इतक्या सहज, की मला खाली बसावं लागलं.

मी खाचेबद्दल विचारलं.
तिनं सूप बाजूला सारलं.

'ती चुकला होता माझा.
सकाळपासून हजार विडी वळून गेलते,
नाकात तंबाखू, घशात तंबाखू.
मध्येच खोकला आला, गिळले.
म्हटले, परत घ्या ओ. बागवान म्हणाले, कॅसेट महाग आहे.
मग काय. रिक्षा गल्लीत आली की मी आत जाऊन बसायची.
अख्खा गाव माझी चूक म्हणत फिरायचा.'

मला सांगायचं होतं, अहो, तेवढंच तर…
पण तिनं पदर नीट केला होता.
'आता विडी सुटली, खोकला पण नाही. बसा.'

आणि म्हणाली. डोळे मिटून, सलग,
कुठं न अडता,
चाळीस वर्षं मनात घासूनपुसून ठेवलेलं.
सुरेख होतं.
ते गाणं नव्हतं.

'आता बरोबर आला ना?'
'बरोबर,' मी म्हणालो.

तिनं मूठभर शेंगा दिल्या, पाणी विचारलं, मी प्यायलो.
चपला घातल्या. ओळ संपेपर्यंत तोंड बंद ठेवलं.
मग मोठ्या रस्त्याला, ट्रकच्या आवाजाआड,
हळूच एकदा
चुकीचं म्हटलं.