पाहिजे : करवतीचा डॉक्टर

लिंडसे गेला त्या सोमवारपासून
फळ्या नागमोडी यायला लागल्या.
केसभरच, उभ्या नजरेला कळणार नाही इतक्या,
पण रीफ्टनच्या सुताराने अख्खी गाडी परत पाठवली,
वर चिठ्ठी : नायरीबाई, हे लाकूड आहे की समुद्र?

मेला नव्हता तो. निवृत्त झाला होता.
(मेला असता तर निदान मला कोणी दोष दिला नसता.)
एकतीस वर्षं त्याच ऐरणीशी,
पातं उजेडासमोर, वर पट्टी आडवी,
कुठे सैल, कुठे ताठ, बोटांनी वाचायचा.
मग हातोडी. एक. थांबायचा.
कान द्यायचा. आणखी एक.
विचारलं तर म्हणायचा, "पातं सांगतंच,
आपण फक्त मध्ये बोलायचं नाही."

हे जाहिरातीत कसं लिहायचं?
मी लिहिलं : अनुभव आवश्यक. पगार योग्यतेनुसार.
पहिला क्राइस्टचर्चहून आला, तीन सर्टिफिकिटं घेऊन.
अकरा दिवस. बायकोला पाऊस सोसवेना.
दुसरा एजन्सीने पाठवला : विमानाचं भाडं मी भरलं,
घराचं डिपॉझिट मी भरलं, एजन्सीची फी तर भरलीच,
आणि त्याने पहिल्याच आठवड्यात
नव्या कोऱ्या पात्याचे दात जाळून निळे केले.
तिसऱ्याने फोनवर इंटरनेटचा वेग विचारला. पुढे काहीच नाही.

या सगळ्यांच्या आधी रोंगो होता.
सहा वर्षं लिंडसेच्या हाताखाली घोटलेला पोर,
कानाला नुकतं कुठे कळू लागलेलं.
पर्थच्या खाणीतून बोलावणं आलं, दुप्पट पैसे.
मी म्हटलं, आम्ही तुला घडवलं.
तो म्हणाला, हो.
आणि बॅग भरली.
मी गावभर सांगत सुटले, हल्लीच्या पोरांना निष्ठा नाही म्हणून.

सप्टेंबरात नदीवर गेले,
लिंडसेला म्हणायला, आठवड्यातून दोन दिवस तरी ये.
जाळं लावून बसला होता. बादलीत काडीएवढे मासे,
काचेसारखे आरपार, डोळे तेवढे काळे.
मी सुरुवात केली, "एकतीस वर्षं तू आमच्यासाठी काढलीस..."
तो हसला. "तुमच्यासाठी?
या वळणासाठी, पोरी.
गिरणीपासून सायकलने सहा मिनिटं.
तुझा बाप सप्टेंबरात घड्याळाकडे बघत नसे.
तू बघायला लागलीस."

रात्री हिशेबाच्या वह्या काढल्या.
नऊ वर्षं त्याचा पगार तोच.
त्याने मागितला नाही, मी दिला नाही.
त्या न मागण्याला मी निष्ठा म्हणत होते
आणि बचतीच्या रकान्यात मांडत होते.

नवी जाहिरात. यावेळी पगाराचा आकडाच लिहिला,
लिहिताना पेन दोनदा उचललं, तरी लिहिला.
खाली : पाऊस फार. शाळा बरी आहे, दवाखाना लांब.
नदीला मासे चढतात तेव्हा
सकाळी उशिरा आलात तरी चालेल.

तीन आठवडे काही नाही.
यंत्र चालू, फळ्या वाकड्या, मी ग्राहकांची माफी मागण्यात तरबेज.
मग एका रात्री पर्थहून एक ओळ :
"ऐरणीवरचं छप्पर अजून गळतं का?"

गळत होतं. बरोब्बर तो उभा राहायचा तिथे, मानेवर,
सहा हिवाळे. खाली रंगाचा रिकामा डबा,
आणि ती ठिबठिब इतकी जुनी
की मला ती गिरणीचाच आवाज वाटायची.
आणि हे दोघं तिच्यातून
पोलादाचा आवाज वेगळा काढत होते.

मी लिहिलं, नाही.
खोडलं.
लिहिलं, गळतं.
आणि शिडी आणायला गोदामात गेले.

तिचीही एक पायरी सैल निघाली.
कधीपासून, कोण जाणे.
सांगणारं आता होतं कोण?