मधली

नाशिकहून आणलेल्या नकाशानं सांगितलं त्याच टोकावर
खांब उभा केला, तीन ताण दिले,
बॅटरी हिरामण गांगोडेच्या डोक्यावरून आलेली.
उणे एकशे एकवीस.
पलीकडच्या पाड्याच्या विहिरीतलं मापक
बोलत असणार, पण डोंगराशी.

हिरामण बिडी विझवून म्हणाला,
"इथनं हाक जात नाय. खाली या, करवंदीच्या जाळीशी."
वीस पावलं.
उणे अठ्ठ्याण्णव.
नकाशा मी घडी करून खिशात घातला.

स्क्रू आवळताना त्यानं सांगितलं,
इथं भिमाबाई पागीचं झाप होतं.
हरसूलकडची हाक त्यांच्या पाड्याला पोचत नसे;
ही मधे ऐकायची, तोंडाशी हात धरायची,
आणि जशीच्या तशी पुढे द्यायची:
बैल सापडला. पाहुणे आलेत. मीठ धाडा.

"एकदाच बदललं तिनं.
तिकडनं आलं, भाऊ गेला.
हिनं माझ्या आईला ओरडून सांगितलं,
भावानं बोलावलंय,
भाकर खाऊन नीघ."

मी डबीचं झाकण बसवत होते.
आतला ऐकतो तेवढंच बोलतो,
काना-मात्रेचा फरक नाही.
निविदेत तशी अटच होती.

उतरताना फोन थरथरला.
विहीर क्रमांक चार. पाणी शून्य पूर्णांक तीन मीटर.
अजून फाल्गुन आहे.
"काय म्हणतंय?" हिरामणनं विचारलं.
त्याच्याच पाड्याची विहीर.

"पोचलं," मी म्हणाले.
"आधी बसू कुठंतरी. भाकर खाऊ."