बिनकात्रीचा न्हावी

चाळीस वर्षं मी मातान्सासची डोकी भादरली.
बंदरावरच्या हमालांची, शाळामास्तरांची,
लग्नाच्या आदल्या दिवशी घाबरलेल्या पोरांची.
कुत्र्याला कात्री लावायला
मला कुणी बोलावलं नव्हतं,
साबण न मिळालेल्या त्या वर्षापर्यंत.

ओब्दुलियाची बोटं तेव्हा आल्याच्या गड्ड्यासारखी वाकलेली.
"वेन्सेस्लाओ, सगळं कापून टाक," ती म्हणाली,
"मला आता विंचरवत नाही."
मांडीवर मोतिका. पाच किलो जेमतेम,
त्यातला निम्मा केसांचा फुगारा.
रंग सुकल्या तंबाखूच्या पानाचा, कानांच्या टोकांशी काळपट,
शेपूट पाठीवर सांडलेली,
आणि मागची बाजू पुढच्याहून किंचित उंच,
म्हणून ती चालली की वाटे,
आमच्या गल्लीखाली कुणी स्प्रिंगा पुरल्यात.

मी कात्री काढली.
तिने गिऱ्हाईक बघतं तसं बघितलं:
भरवसा आहे,
पण एक डोळा आरशावर.
बट उचलली, तर बोटांत वजनच येईना.
खाली हात घातला, तर कातडी गार.
बाहेर ऑगस्ट, डांबराला टाचा चिकटतायत,
आणि ही आपली छत्री आपणच पांघरून बसलेली.

छत्री कोण कापतं?

मग रोज सहाला, दुकान लावून, मी तिच्याकडे.
शिंगाचा कंगवा, तीन दात पडलेला.
टोकाकडून मुळाकडे जायचं, हे मला ओब्दुलियाने शिकवलं,
मला, चाळीस वर्षांच्या न्हाव्याला!
कानामागे बघ. काखेत बघ. गाठी तिथे लपतात.
एक दिवस चुकलास तर गाठ,
आठवडा चुकलास तर घोंगडी.
डोळ्यांच्या कोपऱ्यात उकळून निववलेल्या पाण्याचा बोळा,
नाहीतर गालांवर गंज उतरतो.
आणि एकटी ठेवू नकोस.
उपास काढेल ती, पण बंद दाराशी नाही बसायची.

विंचरता विंचरता वीज जाई.
अंधारात ओब्दुलिया गलबतं आणी:
कॅनरी बेटांकडून आलेले हिचे खापरपणजे,
साखरवाल्यांच्या बायकांना कप्तानांनी दिलेला नजराणा,
असं तिची आई सांगायची. खरंखोटं समुद्राला ठाऊक.
पुढे सर्कशीत दोन पायांवर नाचले.
पुढे साखरवालेच उठून गेले.
एकसष्ट साली नेरेइदा गेली, तिची धाकटी बहीण,
विमानात एक पेटी, आणि कोटाखाली पिल्लू.
त्याच वेताचं दुसरं इथे राहिलं.
त्याचं नाव शिधापत्रिकेवर कसं असणार?
ओब्दुलियाच्या भातातूनच त्याचा भात निघाला,
त्याच्या मुलीचा, नातीचा,
आणि आता हिचा.

नोव्हेंबरात पाकीट आलं, नऊ वर्षांनी पहिलं.
फोटोत बर्फ. बर्फात नेरेइदा,
हातात एक तंबाखूरंगी कुत्रा,
पोटापासून पाठीपर्यंत मशिन फिरवलेला, कोकरू जसं.
"तेच नाक," मी म्हणालो.
"तीच शेपूट. बघ, मागची बाजूही उंच."
ओब्दुलिया कुत्र्याकडे बघतच नव्हती.
तिने अंगठा ठेवला होता बहिणीच्या बोटांवर,
कुत्र्याच्या पोटाखाली
आल्याच्या गड्ड्यासारख्या वाकलेल्या.

बराच वेळ पंखा बंद होता. मग म्हणाली,
"आण तुझी कात्री."

डाव्या कानामागची बट घेतली,
कुणाला कमी दिसणार नाही अशी.
मोतिकाने अंग झाडलं, शिंकली,
आणि पाकिटात नाक घातलं.
टपालकचेरीतल्या पोरीने पाकीट तोललं,
पुन्हा तोललं,
म्हणाली, "आजोबा, यात कागदच आहे ना नुसता?"
मी हो म्हणालो.
पायाशी मोतिका उभी होती,
दाराकडे तोंड करून,
ओब्दुलिया घरी एकटी होती म्हणून.