कानाची कड

हुफूफपासून वीस मिनिटांवर, उमरान गावाच्या पलीकडे
खजुरांच्या बागा संपतात आणि खारट झुडपं सुरू होतात.
तिथे मी पहाटे पिंजरे लावतो, ऊन चढायच्या आत उचलतो.
आत काकडीचा काप. खजूर ते हुंगतही नाहीत,
पहिला आठवडा आम्ही उगाच खजूर वाया घालवले.

वाळूउंदीर गुबगुबीत असतो. झुडपाचं पान दोन्ही हातांत धरून
आधी वरचं मीठ दातांनी खरवडतो,
मंडणगडला माझी खाला सुक्या बांगड्याचं मीठ झाडायची तसं,
आणि मगच खातो.
हातमोज्यात धरला की थरथरतो,
आवाज बंद केलेल्या फोनसारखा.
आजारी दिसत नाही. वजन भरलेलं, डोळे काळे, तकतकीत.
फक्त उजव्या कानाची कड थोडी जाड,
पुस्तकाचं पान भिजून सुकावं तशी.
तिथेच मी सुई टोचतो.

अंकुश येळणेच्या गालावर टोचली तेव्हा तो म्हणाला,
"पुटकुळी हाय सायेब, उन्हाची."
भोकरचा आहे. फरश्या बसवतो.
मे महिन्यात कंपनीने झुडपांचा पट्टा सपाट केला
आणि त्यांच्या पत्र्याच्या खोल्या तिथेच ठेवल्या,
बिळांच्या तोंडाशी.
खिडक्यांना जाळ्या आहेत, डासांच्या.
वाळूमाशी त्यातून सरळ आत येते. तिला आवाजही नसतो.
शुक्रवारी अंकुश फोन अशा कोनात धरतो
की मुलीला डावाच गाल दिसावा.
"बाबा, सरळ बघा की."
"नेट नाही गं नीट."

दोन काचा रंगवल्या. मधेच फोन वाजला,
लेबलं लावायची राहिली.
परत आलो तर अठरा कुठली, एकोणीस कुठली, कळेना.
दोन्हींत फुगलेल्या पेशी, पेशींत बारके अंडाकार दाणे,
प्रत्येक दाण्यात एक जांभळा ठिपका आणि शेजारी आडवी काडी.
बारा वर्षं मी हेच बघतोय.
तेलाचा थेंब टाकला, पुसला, पुन्हा टाकला.
माणूस कुठे आहे, दिसेना.
शेवटी एका काचेच्या कडेला चिकटलेला केस सापडला,
आखूड, वाळूच्या रंगाचा.
त्यावरून ठरवलं.

फॉर्मवर रकाना आहे: प्राण्याचं राहण्याचं ठिकाण,
वस्तीपासून अंतर. मी लिहिलं, शून्य मीटर.
सुपरवायझरने काही न बोलता शून्याआधी पाच लिहिला.

पलीकडच्या बागेचे हाजी जवाद चहा पाजतात.
बाही वर करून मनगटावरचा व्रण दाखवतात,
घासून गुळगुळीत झालेल्या नाण्याएवढा.
आमच्या लहानपणी सगळ्यांनाच व्हायचं, म्हणतात.
एकदा झालं की सहसा परत होत नाही.
आई म्हणायची, चेहऱ्याआधी हातावर झालेलं बरं.
मग खोल्यांकडे बघत,
"तुमची माणसं वयाने मोठी होऊन आली."

अंकुशला जखमेभोवती सुया दिल्या, आठवड्याला एकदा.
तो खाटेचा गज धरायचा आणि फरश्यांचे भाव सांगायचा,
इटालियन, मोरबीची, मग कुठलीच नाही, नुसते आकडे.

नोव्हेंबरात खपली पडली.
त्या शुक्रवारी मी पिंजरे लावत होतो
आणि तो पायरीवर बसून बोलत होता, सरळ तोंडाने.
"बाबा, गालाला काय झालं?"
"काही नाही गं. शेजाऱ्याचं होतं, मला लागलं."
थोडा वेळ नुसती खरखर.
मग तिकडून, भोकरहून:
"आणि शेजारी? तो झाला का बरा?"

अंकुशने माझ्याकडे पाहिलं.
माझ्या हातात काकडीचा काप होता.