उजव्या बाजूचं वर्ष

कळमन्याच्या काट्यावर बसते मी, संत्र्यांचं वजन लिहिते
आणि वजनचिठ्ठीच्या पाठीवर
शुक्रवारी नवीन काय आलं ते.
बावीस वर्षं झाली. आधी कॅसेट, मग सीडी,
आता रात्री बाराला फोन थरथरतो उशीखाली.
डिसेंबर सरत आला की तारेतून चिठ्ठ्या काढते,
दहा नावं खालीवर लावते.
कुणी मागितलेली नसते ही यादी.

यंदा मृग बहार उतरत होता
तेव्हा 'कूलर' बँडचा दुसरा अल्बम आला.
शंकरनगरची चार पोरं,
पहिल्या खेपेला नुसती ओरडली होती,
या खेपेला थांबायला शिकली.
तिसऱ्या गाण्यात खरोखरचा कूलर वाजतो,
पाणी संपल्यावर वाजतो तसा, कोरडा.
मे महिन्यात, शेचाळीस डिग्रीत, पुन्हा ऐकलं
आणि सातव्याचा चौथा नंबर केला.

शाइस्ता कुरेशीच्या गझला एप्रिलात.
गळा मोमिनपुऱ्याचा, रेकॉर्डिंग मुंबईचं,
इतकं धुतलंय की अंगाचा वास गेलाय.
तरी एक शेर तिने असा म्हटला
की मी एकाच गाडीचं वजन दोनदा लिहिलं
आणि शेठ काहीच बोलला नाही.

मग जुलै.
सकाळी उठले तर डावीकडचं जग
कुणीतरी प्लग काढून ठेवल्यासारखं.
धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, नस आहे, बघू.
महिनाभर बघितलं.
मग बघणं थांबवलं.

ऑगस्टच्या तारेत एकही चिठ्ठी नाही.
पोळ्याच्या पाडव्याला बुधवारीतून मारबत निघाली,
ढोल मी छातीनेच ऐकले
आणि गर्दीत सगळ्यांसोबत बोंबलले:
माझा कान काय नेला कोणी, तेही घेऊन जाय गे मारबत!
शेजारची बाई हसली. मीही हसले.
मारबतीने काही नेलं नाही.

सप्टेंबरात पायल उइके हमालांच्या हजेरीवर लागली,
एकोणीस वर्षांची, नखांना निळा रंग.
एका दुपारी इअरफोनचं डावं बोंड
मी तिच्या कानात घातलं.
सांग, तिकडे काय आहे?
"बाई, इकडं तं कोणी नुसतं श्वास घेऊन रायलं."
आणि आता?
"टाळ्या. पण एकाच माणसाच्या."
आणि आता?
"आता काही नाही. थांबा ना. आता आला."
अशी तिची अर्धी माझी अर्धी गाणी ऐकली पुढे,
मधल्या तारेने एकमेकींना बांधलेल्या,
ती उठली की माझं गाणंही उठायचं.
तिला शाइस्ता आवडत नाही. झोप येते म्हणते.
तिच्यासाठी मी एक गाणं यादीत घेतलंय,
त्यात फक्त गाडीचे हॉर्न आहेत. दहावा नंबर, त्याच्या वर नाही.

पण खरी अडचण पहिल्या नंबराची आहे.
दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर
स्टॉलमागून स्टॉल, भोंग्यामागून भोंगा,
प्रत्येकाचं नवीन गाणं दुसऱ्याच्या नव्या गाण्यावर सांडलेलं,
आणि त्या सगळ्याच्या खालून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज,
साथीला नुसती डफली,
'माय' हा शब्द तिने उचलला
आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.
एका कानाला दिशा कळत नाही.
मी जागच्या जागी फिरले, गर्दीत, भोवऱ्यासारखी.
पायल म्हणाली, "कोणतं बाई? मले तं सगळंच ऐकू येते."
तोवर ते संपलं होतं.

सतरा स्टॉलांवर गुणगुणून दाखवलं.
अठराव्यावरच्या पोराने तीनशे गाण्यांचा पेनड्राइव्ह विकला.
"यातच असन मावशी. नसन तं पुढच्या वर्षी या."

आज एकतीस तारीख. आंबिया आटोपत आलाय,
यार्डात उरलीत ती बारीक, आंबट, घाऊक भावाची.
दोन ते दहा लिहून झालेत.
दोनशे बारा गाणी ऐकून झालीत.
पायल, नखं नंतर रंगव.
बोंड घाल कानात.